केस पेपरवर ‘घरकाम’, आणि बाई नऊ वर्षं मोल्डिंगवर

सप्टेंबर २०२२ ची गोष्ट. वाळूज एमआयडीसीत दुचाकीचे प्लॅस्टिक पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मी तेव्हा एचआर होतो. एचआर आपलं म्हणायला, बाकी टाइम ऑफिस, कँटीन, ईएसआयचे (कामगार विम्याचे) कागद, कामगारांची भांडणं आणि सेफ्टी सगळं माझ्याच गळ्यात, कारण तेव्हाच्या फॅक्टरी ॲक्टमध्ये सेफ्टी ऑफिसरची सक्ती हजार कामगारांपासून पुढं होती आणि आमच्याकडं कंत्राटी धरून पावणेदोनशे. तर एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मोल्डिंगवरच्या एक ताई फाइल घेऊन केबिनला आल्या, बसा म्हणलं तरी बसेनात, उभ्यानंच म्हणे, "सर, येवढं वाचून सांगा बरं, पोरगी म्हणती कॅन्सर लिव्हलंय."

वाचलं. वय ४१, पाळी चालू, डाव्या स्तनात गाठ, बायोप्सीत कॅन्सर, खाली गाठ कशावर पोसते याच्या तपासण्या, ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. आणि पहिल्याच पानावर निळ्या पेनानं, व्यवसाय : घरकाम.

मी विचारलं, घरकाम कुणी सांगितलं यांना? "मी काहून सांगू? त्यांनी इचारलंच नाही. सोबत पोरगी, अंगावर साडी, लिव्हलं आसंल."

हे सगळं प्रकरण मी लिहून काढतोय ते त्या एका शब्दामुळं. ताईंचं नाव, कंपनीचं नाव, हॉस्पिटलचं नाव यात नाही आणि येणारही नाही, ताईंना मी सगळं वाचून दाखवलंय, दोन ठिकाणी त्यांनी दुरुस्ती पण केली. मी डॉक्टर नाही. कुठल्या केमिकलनं ताईंना कॅन्सर झाला हे सिद्ध करायला बसलेलो नाही, ते कुणालाच करता येणार नाही, त्याचं कारण पुढं येईलच. मला एवढंच मांडायचंय की या बाईच्या अंगावरून चाळीस वर्षांत काय काय गेलं ते विचारणारं एकही माणूस तिला भेटलं नाही, आणि न विचारणाऱ्यांत मी पण होतो.

आधी घरची हिस्ट्री, कारण डॉक्टर पहिलं तेच विचारतात. आई, मावश्या, बहिणी, आजी, कुणालाच स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर नाही. पहिलं लेकरू विसाव्या वर्षी, तीन लेकरं, तिघांनाही दोन-दोन वर्षं अंगावर पाजलेलं. वजन ४८ किलो. दारूचा प्रश्नच नाही, मिश्री मात्र लावायच्या, ती वाईटच, पण ती आधी तोंड खराब करते. म्हणजे पुस्तकात ज्या गोष्टी स्तनाच्या कॅन्सरपासून थोडंफार वाचवतात असं लिहिलेलं असतं, लवकर पहिलं मूल, जास्त मुलं, जास्त दिवस अंगावरचं दूध, त्यातल्या बहुतेक या बाईकडं होत्या. ताई मला चार वेळा तरी म्हणाल्या असतील, "मह्या माहेरात नाही, सासरी नाही, मग मलाच काहून सर?" याला माझ्याकडं तेव्हाही उत्तर नव्हतं, आजही नाही, पण त्यांना काय विचारायला पाहिजे होतं हे आता कळतंय.

मग मी एका रविवारी वाळूजजवळच्या रांजणगावला त्यांच्या खोलीवर गेलो. पत्र्याची दहा बाय बाराची खोली, बाहेर नळाला लाइन लागलेली. वही काढली आणि म्हणलं ताई, लहानपणापासून सांगा, काय काय काम केलं. तीन तास गेले. मधी दोनदा चहा झाला.

जन्म १९८१ चा, परभणी जिल्ह्यात मानवतच्या बाजूला. तिकडं कापूस. सातवीत शाळा सुटली आणि खुरपणी, वेचणी सुरू. फवारणी गडीमाणसं करायची पण पाठीवरच्या पंपात पाणी भरून द्यायचं, बकेटात औषध कालवायचं हे पोरींचं काम. कालवायला काडी सापडली तर काडी, नाहीतर हात. औषध कोणतं? "एन्डोसल म्हणायचे, लई घाण वास, घरी आलं तरी जायचा नाही." एन्डोसल म्हणजे एन्डोसल्फान हे कीटकनाशक, केरळात कासरगोडच्या काजूबागांवर हेलिकॉप्टरमधून फवारलं आणि तिथं जे झालं ते देशभर गाजलं, २०११ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं देशभर बंदी घातली आणि त्याच वर्षी विषारी रसायनांवरच्या स्टॉकहोम करारात जगभरासाठी बंदीच्या यादीत गेलं. मानवतच्या रानात बारा-तेरा वर्षांची पोरगी ते हातानं कालवत होती त्याला तोवर सतरा-अठरा वर्षं होऊन गेली होती.

बारा-तेरा हे वय मी मुद्दाम लिहितोय. छातीचा उभार सुरू होतो तिथपासून पहिलं बाळंतपण होईपर्यंत स्तनाच्या पेशी कच्च्या असतात, भराभर वाढत असतात, त्या काळात बाहेरून जे काही जाईल त्याचा हिशोब वेगळा. अमेरिकेत ऑकलंडला एक अभ्यास झालेला आहे, १९६० च्या आसपास बायकांचं रक्त घेऊन साठवून ठेवलं होतं, पुढं कॅन्सर कुणाला झाला ते पाहिलं आणि २००७ मध्ये छापलं. ज्यांच्या रक्तात डीडीटी हे कीटकनाशक जास्त आणि डीडीटीचा सुळसुळाट झाला तेव्हा ज्या १४ वर्षांच्या आत होत्या, त्यांना पन्नाशीच्या आत स्तनाच्या कॅन्सरचा धोका पाचपट निघाला. वय तेव्हा जास्त असलेल्यांना तसं काही दिसलं नाही. माल एकच, वय वेगळं. ताईंच्या बाबतीत डीडीटी नाही, एन्डोसल्फान, आणि दोन्ही एक नाहीत हे मान्य. पण केस पेपरवर ‘वयाच्या १३ व्या वर्षापासून कापसाच्या फवारणीत’ एवढी एक ओळ असायला काय हरकत होती?

२०१२-१३ चा दुष्काळ. मराठवाड्यातल्या लोकांना सांगायची गरज नाही, त्या वर्षी बोअर आटले, जनावरं छावणीला गेली आणि माणसं वाळूजला आली. ताई नवरा आणि तीन लेकरं घेऊन आल्या, नवरा फौंड्रीत लागला आणि ताई एका ठेकेदाराकडून आमच्याकडं मोल्डिंगवर. २०१३ ते २०२२. नऊ वर्षं.

आता मोल्डिंगचं काम काय असतं ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी. प्लॅस्टिकचा दाणा गोणीतनं येतो, ड्रायरमध्ये सुकवतात, हॉपरमधनं बॅरलमध्ये जातो, तिथं वितळतो आणि दाबानं साच्यात जातो. बॉडी पॅनलला एबीएस, त्याचं तापमान २२० ते २६० डिग्री, हेडलाइटच्या काचेला पॉलिकार्बोनेट, ते २८० ते ३२०. पार्ट बाहेर पडला की ताईंचं काम चालू. रनर म्हणजे पार्टला चिकटून आलेली जास्तीची काडी तोडायची, कडेला आलेला फ्लॅश म्हणजे जास्तीचा पापुद्रा कटरनं सोलायचा, डाग असला तर थिनरचा बोळा फिरवायचा, स्टिकर लावायचं, पिशवीत घालायचं. पंचेचाळीस सेकंदाला एक पार्ट, आठ तासांत साडेपाचशे-सहाशे. गरम पार्ट उचलायला सुती हातमोजे, थिनरनं भिजले तरी शिफ्ट संपेपर्यंत तेच, म्हणजे हात कोरडा राहायच्या ऐवजी थिनरच्या पोटिसात.

हे रोजचं झालं. खरा धूर पर्जिंगला. रंग बदलायचा असला किंवा मटेरियल बदलायचं असलं की बॅरलमधला जुना माल पूर्ण बाहेर काढावा लागतो, नोजल मागं घेतात आणि दाबतात, जाड काळपट लोंदा पत्र्यावर पडतो, त्यातनं धूर निघतो, गोडसर जळका वास, डोळे चुरचुरतात. आमच्याकडं अठरा मशिनी, दिवसात कुठं ना कुठं पाच-सहा वेळा पर्जिंग व्हायचंच. आणि ते लोंदे थंड करायला कुठं ठेवायचे? ताईंच्या टेबलामागच्या कोपऱ्यात, कारण तिथं जागा मोकळी होती. ती जागा ले-आउटवर मीच मार्क केली होती. पिवळा पट्टा मारून, ‘स्क्रॅप’ अशी पाटी लावून, ५एसच्या (नीटनेटकेपणाच्या) ऑडिटला त्या कोपऱ्याचे मार्क पण मिळाले.

आणि डबा. हिवाळ्यात बायका डबे हॉपर ड्रायरवर ठेवायच्या गरम व्हायला, ८० डिग्रीचा ड्रायर, मस्त गरम होतो. भाकरी पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, भाजी स्टीलच्या डब्यात. मी पण ठेवलाय माझा डबा तिथं, खोटं कशाला बोलू.

त्या रविवारनंतर मी स्टोअरला जाऊन सगळ्या मालाच्या सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालाचे धोके लिहिलेले कागद, काढल्या. सगळ्या इंग्रजीत, फाइलवर धूळ. पॉलिकार्बोनेटच्या शीटवर लिहिलेलं, धोकादायक पदार्थ नाही. आणि ते चूक पण नाही म्हणता येत, गार दाणा हातात घेतला तर काही होत नाही. प्रश्न ३०० डिग्रीचा आहे आणि शीट दाण्याबद्दल बोलते. मास्टरबॅचच्या (रंगाच्या दाण्याच्या) शीटवर रंगद्रव्याच्या पुढं ‘व्यापारी गुपित’. ग्राइंडरमधून परत वापरायच्या मालाची तर शीटच नाही, तो आपला आपण दळलेला.

थोडं केमिस्ट्रीचं, जेवढं मला कळलं तेवढं. एबीएस हे नावच तीन मालांचं, ॲक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन, स्टायरीन. डब्ल्यूएचओची जी कॅन्सरवर काम करणारी संस्था आहे, आयएआरसी, तिच्या यादीत ब्युटाडाइन गट १ मध्ये म्हणजे माणसाला कॅन्सर करतं हे पक्कं, स्टायरीन २०१८ पासून २ए म्हणजे बहुधा करतं, ॲक्रिलोनायट्राइल २०२४ ला गट १ मध्ये गेलं. तयार प्लॅस्टिकमध्ये हे सुटे फार थोडे राहतात, पण वितळताना आणि विशेषतः जळताना जे सुटतं ते नाकासमोर सुटतं. हे झालं कॅन्सर करणाऱ्या मालाचं. हार्मोनचा विषय याहून वेगळा आणि आमच्या लाइनीत तो कुणालाच माहीत नव्हता.

पॉलिकार्बोनेट ज्याच्यापासून बनतं ते बिस्फेनॉल ए. हे १८९१ मध्येच तयार केलेलं होतं. १९३० च्या दशकात लंडनमध्ये डॉड्स नावाचे शास्त्रज्ञ बायकांच्या इस्ट्रोजेन हार्मोनसारखं काम करणारं स्वस्त केमिकल शोधत होते, त्यात त्यांनी बिस्फेनॉल ए तपासलं आणि ते इस्ट्रोजेनसारखं वागतं हे १९३६ लाच छापलं. पुढं १९३८ ला त्यांना त्याहून लई जोरदार एक केमिकल सापडलं म्हणून हे बाजूला पडलं. मग वीसेक वर्षांनी दुसऱ्याच लोकांनी त्यातनं कडक, काचेसारखं प्लॅस्टिक बनवलं. म्हणजे आधी हार्मोन म्हणून तपासलेला माल, नंतर हेडलाइट.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. बोस्टनला टफ्ट्स युनिव्हर्सिटीत ॲना सोटो आणि कार्लोस सोननशाइन हे दोघं स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर काम करत होते. या पेशी इस्ट्रोजेन मिळालं तरच वाढतात, नाही मिळालं तर गप. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एकदा सगळ्याच प्लेटांमधल्या पेशी इस्ट्रोजेन न घालता वाढायला लागल्या. यांनी हात धुऊन पाहिले, पाणी बदललं, कुणी खोडी केली का तेही पाहिलं, शेवटी काही महिन्यांनी कळलं की ज्या प्लॅस्टिकच्या नळ्यांत ते सीरम ठेवत होते त्या नळ्यांचा फॉर्म्युला कंपनीनं बदलला होता आणि नळीतनं नोनिलफिनॉल झिरपत होतं. १९९१ ला त्यांनी ते छापलं. मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि माझ्या डोळ्यांसमोर ड्रायरवरचे डबे आले. गार नळीतनं एवढं झिरपत असेल तर.

ताईंना हे सांगताना मी म्हणलं, शरीरात हार्मोनची कुलपं असतात, खरी चावी शरीर बनवतं, पण हा माल त्याच कुलपात बसतो. ताई म्हणाल्या, "म्हंजी डुप्लिकेट चावी." बरोब्बर. त्यांच्या रिपोर्टात ईआर पॉझिटिव्ह लिहिलंय ते म्हणजे त्या गाठीच्या पेशींवर इस्ट्रोजेनची कुलपं आहेत, गाठ इस्ट्रोजेनवर पोसते. म्हणून ऑपरेशन, किमो, शेक (रेडिएशन) झाल्यावर आता रोज टॅमॉक्सिफेनची २० मिलिग्रॅमची गोळी, पाच वर्षं तरी, कधी कधी दहा. ती गोळी काय करते? कुलपात काडी मोडून ठेवते, चावी खरी असो नाहीतर डुप्लिकेट, बसतच नाही. म्हणजे डॉक्टर लोक ट्रीटमेंट करताना हार्मोन धरूनच करतात. फक्त हार्मोनसारखा माल बाहेरून किती गेला हे विचारत नाहीत.

त्यात अजून दोन गोष्टी. नाइट शिफ्ट, जी शेवटच्या काही वर्षांत ताईंनी सीझनला केली, ती आयएआरसीनं २००७ ला २ए मध्ये टाकली आणि २०१९ ला परत तपासून तिथंच ठेवली. आणि ते बारकोडचं स्टिकर. थर्मल प्रिंटरचा कागद, शाई नसतेच, कागदावरच्या लेपात बहुतेक वेळा बिस्फेनॉल असतं आणि बोटाला लागतं. युरोपनं जानेवारी २०२० पासून अशा कागदातल्या बिस्फेनॉल ए वर जवळपास बंदीच घातली. त्याच वर्षी कोरोनात आम्ही प्रत्येक टेबलावर सॅनिटायझरची बाटली ठेवली, दर तासाला हात चोळा. सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हातानं असा कागद धरला तर बिस्फेनॉल कातडीतून जास्त आत जातं, हा प्रयोग २०१४ लाच छापून आलेला. आम्हाला कुठं माहिती. आम्ही फोटो काढून ग्रुपवर टाकत होतो, ‘आमची कंपनी सुरक्षित कंपनी’.

आता कॅनडा. ऑन्टारिओमध्ये विंडसर म्हणून शहर आहे, आपल्या वाळूजसारखंच, गाड्यांचे पार्ट बनवणारं. तिथं जेम्स ब्रॉफी आणि मार्गारेट कीथ यांच्या टीमनं आमच्या ताईंना जे कुणी विचारलं नाही नेमकं तेच विचारलं. स्तनाचा कॅन्सर झालेल्या हजारेक बायका आणि न झालेल्या साडेअकराशेच्या आसपास बायका, प्रत्येकीला आयुष्यभरात कुठं कुठं काम केलं ते सगळं विचारलं. २०१२ मध्ये निकाल आला. कॅन्सर करणारा किंवा हार्मोन बिघडवणारा माल जास्त असलेल्या कामात दहा वर्षं काढली तर धोका ४२ टक्क्यांनी जास्त. गाड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये काम केलेल्यांत २.६८ पट, डबाबंद अन्नाच्या कारखान्यात २.३५ पट, मेटलमध्ये १.७३, शेतीत १.३६. पाळी चालू असताना कॅन्सर झालेल्या बायका वेगळ्या काढल्या तर प्लॅस्टिकमध्ये ४.७६ पट.

शेती आणि गाड्यांचं प्लॅस्टिक. ती यादी वाचताना मला वाटलं कुणीतरी ताईंचा बायोडाटाच समोर ठेवलाय.

पण इथं थांबून दुसरी बाजू सांगायला पाहिजे. माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, कॅन्सरचेच, त्यांना मी सगळं नेऊन दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "हे बघा, ४.७६ च्या पुढं कंसात काय आहे ते वाचा." कंसात होतं १.५८ ते १४.४. म्हणजे खरा आकडा दीडपट पण असेल आणि चौदापट पण, बायका कमी होत्या म्हणून एवढी मोठी रेंज. दुसरं त्यांनी सांगितलं की भारतात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कॅन्सरच्या १ लाख ९२ हजार नवीन केसेस धरल्या आहेत, त्यातल्या कितीतरी बायकांनी कारखाना पाहिलेला नाही. तिसरं, ताईंच्या गाठीवर कुठल्या केमिकलचा शिक्का नसतो. लघवी तपासू का म्हणलं, तर हसले, बिस्फेनॉल काही तासांत निम्मं बाहेर पडतं, ताई कामावर नसताना आज तपासून नऊ वर्षांचं काय कळणार? सगळं बरोबर आहे त्यांचं. मी वाद घातला नाही. फक्त विचारलं की सर, तुमच्या ओपीडीत पेशंटला काम काय करता विचारतात का. ते म्हणाले, विचारतो ना, व्यवसायाचा कॉलम आहे. मी ताईंचा केस पेपर पुढं सरकवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि काही बोलले नाहीत.

माझी स्वतःची गोष्ट यात लिहिली नाही तर हे सगळं खोटं ठरेल. २०१९ च्या तक्रार रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात एक नोंद आहे. मोल्डिंगच्या चार बायका, डोकं दुखतं, मळमळतं, दोघींनी पाळी बिघडल्याचं सांगितलं, सगळ्या स्क्रॅपच्या कोपऱ्याजवळच्या. पुढं ‘केलेली कार्यवाही’ या रकान्यात मी लिहिलंय, ‘पंखा बसवला’. बसवला खरा, भिंतीवरचा मोठा पंखा, लोंद्यांच्या मागं. तो धूर सरळ टेबलांवर ढकलायचा. पाळीचं तर मी धरलंच नाही, बायकांचं काहीतरी म्हणून सोडून दिलं. हार्मोनच्या विषयात पहिली खूण तीच असू शकते हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं का, माहीत नाही.

आणि हवेची तपासणी? ती झाली होती ना, २०१८ ला, एजन्सीचा माणूस आला, शॉपच्या मेन गेटजवळ पंप लावला, स्टायरीन मोजलं, फार कमी निघालं. तेव्हाच्या कायद्याच्या तक्त्यात स्टायरीनची मर्यादा ५० पीपीएम होती, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग. बिस्फेनॉल ए त्या तक्त्यात नव्हतंच. नाही त्याची मर्यादा ओलांडणार कशी? शिवाय हे तक्ते एकेका मालाचे आहेत, ताईंच्या टेबलावर एका वेळी सहा-सात माल. आणि शरीरातले खरे हार्मोनच इतक्या बारीक प्रमाणात काम करतात की पीपीएमच्या काट्यावर ते दिसणारच नाहीत.

पैशाचं प्रकरण तर वेगळंच. ईएसआयमध्ये साध्या आजारपणात पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला ९१ दिवस. कॅन्सर हा लांबच्या ३४ आजारांच्या यादीत आहे, त्यात ८० टक्के आणि दोन वर्षांपर्यंत. पण अट अशी की आजार सुरू व्हायच्या आधी दोन वर्षं सलग नोकरी आणि मागच्या सहा-सहा महिन्यांच्या चार वर्गणी-काळात मिळून किमान १५६ दिवसांची वर्गणी. आणि ताईंचे नऊ वर्षांत तीन ठेकेदार. गेट तेच, मशीन तेच, टेबल तेच, ठेकेदाराचं नाव बदललं की नवा आयपी (विमा) नंबर. कागदावर तीन वेगळ्या बायका. त्यात शेवटच्या ठेकेदारानं सात महिने वर्गणी पगारातून कापली आणि भरलीच नाही.

इथं ताईंनी मला गार केलं. पत्र्याच्या पेटीतून, लग्नाच्या शालूच्या घडीतून, त्यांनी पगाराच्या स्लिपा काढल्या, २०१३ पासूनच्या, महिन्यावारी लावून, दोऱ्यानं बांधलेल्या. लिहिता-वाचता फार येत नाही पण "कागुद टाकायचा नसतो" एवढं सासऱ्यानं शिकवलेलं, ते रोजगार हमीवर होते. त्या स्लिपांवर कपात दिसत होती. तेव्हाच्या ईएसआय कायद्याचं कलम ४० सांगायचं की कंत्राटी कामगाराची वर्गणी भरायची पहिली जबाबदारी मूळ मालकाची, मग कलम ४१ प्रमाणे त्यानं ती ठेकेदाराकडून वसूल करावी. मी ते कलम आणि स्लिपा मालकासमोर ठेवल्या. मालक वाईट माणूस नाही, पण पहिलं वाक्य तेच, "अहो सगळ्या वाळूजमध्ये असंच चालतं." शेवटी भरले. तीन नंबर एक करायला अजून अडीच महिने आणि माझ्या बजाज नगर-शहर बारा चकरा. तोवर ताईंची तिसरी किमो झाली होती, लाल औषधाची, केस गेलेले, त्या डोक्याला टॉवेल बांधून ऑफिसच्या बाकड्यावर बसून राहायच्या.

हा आजार कामामुळं झाला म्हणून भरपाई? ईएसआयच्या तिसऱ्या परिशिष्टात कामामुळं होणाऱ्या आजारांची यादी आहे. डांबराच्या कामातला कातडीचा कॅन्सर त्यात आहे, ॲस्बेस्टॉसचा फुप्फुसाचा आहे. स्तनाचा नाही. वकिलाला विचारलं, तो म्हणाला लढता येईल पण पुरावा काय देणार. पुरावा म्हणजे परत तेच, ती कुठल्या मशीनवर, किती तास, कुठल्या मालाजवळ होती याची नोंद, आणि ती नोंद ठेवायचं काम माझं होतं.

कंपनीत पुढं बदल झाले. ताईंमुळं झाले असं लिहिलं तर छान वाटेल पण तसं नाही, २०२३ ला मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट लागलं आणि त्यांच्या चेकलिस्टमध्ये धूर ओढायची सोय हा मुद्दा होता. मग अठरापैकी सहा मशिनींच्या नोजलवर हूड बसले, डक्ट छताबाहेर काढला. लोंदा आता झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पडतो आणि डबा बाहेर शेडमध्ये जातो, याला खर्च काहीच नाही, वेल्डरनं दोन दिवसांत बनवले. डबे गरम करायला कँटीनला पाण्याची मोठी टाकी ठेवली. सुती मोज्यांच्या आत नायट्राइल रबराचे मोजे. हूडचा पंखा मात्र रात्रपाळीला बंद असतो असं मला परवा एका पोरानं सांगितलं, आवाज लई येतो म्हणून. मी आता त्या कंपनीत नाही.

ताईंची गोळी चालू आहे. हाडं दुखतात, रात्री घाम येतो, अंगातून वाफा निघतात म्हणतात. दोन वर्षांचा लाभ संपला. आता रांजणगावात चार पोरांना डबे देतात. मागच्या तपासणीला डॉक्टरांनी फाइलवर स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली, ‘कापूस फवारणी १३ ते २० वय, प्लॅस्टिक मोल्डिंग ९ वर्षं’. ‘घरकाम’ खोडलं नाही, ते पण आहे तिथंच.

मी एक वही केली आहे. २०१३ पासून त्या लाइनीवर काम केलेल्या बायका, नाव, कुठलं मशीन, किती वर्षं, लग्नाआधी शेतात काय काम, पाळी कधी गेली, काही गाठ-बिठ. ताई सांगतात आणि मी लिहितो, त्यांना सगळ्या आठवतात, कोण कुठल्या गावची, कोण कुणाच्या शेजारी बसायची. आत्तापर्यंत ५७ नावं झाली. बऱ्याच जणींचे फोन लागत नाहीत, काही गंगाखेडला परत गेल्या, एक सेलूची होती ती कुठं आहे कुणालाच माहीत नाही. पुढच्या रविवारी परत बसायचंय.